सतरावा

"खरंच किती चांगला आहे हो तो?"
ग्रिम्सबीच्या हॉलमागे, गाड्या लावतात तिथे
एका पोरानं मला विचारलं.
हातात चिप्सचा पुडा, व्हिनेगरचा वास.
माझा डावा डोळा मिटला होता, म्हणून
मान पुरती वळवून त्याच्याकडे बघावं लागलं.
चांगला आहे, म्हटलं.
त्याचं भागलं नाही. माझंही.

सतरा लढती, सतरा विजय. पोस्टरवर एवढंच.
पहिला टॅक्सी लावून थेट रिंगमध्ये आलेला.
चौथा माझा मावसभाऊ एड्विन्स, त्याचा खांदा आधीच निखळलेला;
ते त्याला ठाऊक, मला ठाऊक, दलालाला ठाऊक.
नवव्याला नातवंड झालं होतं.
अकरावा आडवा पडून रेफरीसोबत मनात आकडे म्हणत राहिला
आणि दहा झाल्यावर व्यवस्थित उठला.
फुटलेली मडकी मोजून काय कळणार?
तडा आधीचा की नंतरचा, ते मडक्यालाच विचारावं.

तर मी सतरावा. झिगुर्ड्स कालेय्स, वय अडतीस.
निवेदकाला नाव म्हणता आलं नाही, खोकून वेळ मारून नेली त्यानं.
घरी, लिएपायाच्या गोदीत, मी जुन्या जहाजांचे पत्रे तपासतो.
हातोडी घ्यायची, ठोकत जायचं, कान लावायचा.
खणखणीत वाजलं की पुढे.
बद्द वाजलं की खडूनं फुली.
रंगावर जायचं नाही. रंग सगळ्यांचाच ताजा असतो.

केल्विन ऑसगुड, एकशे अठरा किलो, तेवीस वर्षं.
त्याच्या उजव्या हाताबद्दल छापतात ते खरं आहे.
तो येताना दिसत नाही,
येऊन गेल्यावर दिवे जरा पिवळे होतात.
पाय मात्र जड, मागे सरताना टाच घासते.
तीन फेऱ्या मी नुसता ठोकत होतो, ऐकत होतो.

चौथीत त्याच्या उजव्या कोपराखाली माझा डावा हुक बसला.
बद्द.
त्याच्या तोंडून एक बारीक आवाज आला,
अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघाली की येतो तसा.
आणि नजर माझ्यावरून उडून कोपऱ्यात गेली,
टॉवेल धरून उभ्या असलेल्या बापाकडे.
अर्धा क्षण. हॉलमधल्या दोन हजारांत कुणाला दिसला नाही.
मी पुन्हा तिथेच मारायला हवं होतं.
मारलं नाही, की मारता आलं नाही?
दलाल एप्रिलमध्ये हांबुर्गची लढत देणार होता, हे खरं.
गेलेला हात आता पूर्वीइतका लवकर परतत नाही, हेही.
यातलं सोयीचं उत्तर कुठलं, ते अजून ठरत नाही.

पाचवीत तो उठून आला तेव्हा कोपर अंगठाभर खाली होतं.
अंगठाभरच.
स्टुलावरच्या त्या एका मिनिटात बाप नुसतं पाणी पाजत होता,
चकार शब्द बोलला नव्हता; मी बघत होतो.
त्यानंतरचं मला छतच आठवतं.

नंतर आमच्या खोलीत तो अनवाणी आला, बर्फाची पिशवी घेऊन.
मला वाटलं, माझ्यासाठी. पिशवी त्याच्या बरगडीवर होती.
"चौथीत. तुला कळलं ना?"
कळलं, म्हटलं.
"अजून कुणाला कळेल?"
माझ्या तोंडाकडे नाही,
पट्ट्या सोडणाऱ्या हातांकडे बघत विचारलं त्यानं.
ज्याला ऐकू येतं त्याला, म्हटलं.
बराच वेळ बसून होता. जाताना माझं नाव विचारलं,
दोनदा म्हणून बघितलं.
दुसऱ्यांदा बरोबर आलं.

हे पोराला कसं सांगणार?
त्यानं पुडा पुढे केला. मी एक चिप घेतली.
मीठ फुटलेल्या ओठाला झोंबलं.
"पण किती?" तो हटेना.
अठराव्याला विचार, म्हटलं,
आणि अजून एक घेतली.